आल्फ्रेड बेस्टर : कॉमिक्सच्या पानांवर घडलेला विज्ञान कादंबरीकार

आल्फ्रेड बेस्टर (जन्म १८ डिसेंबर १९१३, मृत्यू ३० सप्टेंबर १९८७) हे अमेरिकेतील विज्ञान कादंबरीकार. त्यांनी मोजक्याच कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या दोनच खऱ्या अर्थाने टिकल्या. पण त्या दोन अशा टिकल्या, की सत्तर वर्षांनंतरही विज्ञानकथेचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. विज्ञानसाहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार १९५३ साली सुरू झाला, तेव्हा कादंबरीचा पहिलावहिला पुरस्कार बेस्टर यांना मिळाला. त्याआधी काही वर्षे त्यांनी कॉमिक्ससाठी लिहिले. या लिखाणावर त्यांचे नाव छापले जात नसे आणि त्याचे हक्कही त्यांच्याकडे राहत नसत. चरित्रपर नोंदींत हा काळ दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते हे लेखक कळायचे असतील तर त्या काळापासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्या संकेतस्थळावर या अमेरिकन लेखकाची ओळख कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर वेताळ हे आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि पुढे ते मराठीतही निघू लागले. आपल्या इंदुरात घरात मराठी अंक आणि शेजाऱ्यांकडे हिंदी अंक अशी स्थिती असे, त्यामुळे ‘वेताळ’ बरोबर की ‘वेताल’ यावर मुलांची भांडणे होत. कवटीची गुहा, शेरा, हीरो आणि पिग्मींचा तो रक्षक, त्याचप्रमाणे जादूगार मँड्रेक आणि लोथार ही जोडी, हे सगळे ली फॉक या अमेरिकन लेखकाचे मानसपुत्र. मँड्रेकची चित्रमालिका १९३४ साली आणि वेताळाची १९३६ साली तिकडच्या वर्तमानपत्रांत सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॉक सरकारी कामात गुंतले, तेव्हा या दोन्ही मालिकांचे लेखन काही काळ बेस्टर यांनी फॉक यांच्या नावाआड केले, असे त्यांच्या चरित्रात नोंदले जाते. त्यांची विज्ञानकथा आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचली असेल. पण ज्या मालिकेला त्यांचा हात लागला तिचे वाचक आपल्याकडे घरोघरी होते.

पहिली कथा आणि पन्नास डॉलर

बेस्टर न्यूयॉर्कचे. मॅनहॅटनमध्ये ते वाढले. वडिलांचे बुटांचे दुकान होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले, तलवारबाजी आणि अमेरिकन फुटबॉल खेळले, मग कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि कंटाळून सोडून दिला. १९३६ साली रॉली या अभिनेत्रीशी त्यांचे लग्न झाले. या बाईंचे कर्तृत्वही नोंद घेण्याजोगे आहे. १९४० साली सुपरमॅन रेडिओवर आला, तेव्हा लोइस लेन या पात्राला पहिला आवाज त्यांनी दिला. पुढे अभिनय सोडून त्या जाहिरात व्यवसायात गेल्या आणि एका मोठ्या कंपनीच्या उपाध्यक्ष झाल्या.

बेस्टर यांची पहिली कथा एप्रिल १९३९ मध्ये ‘थ्रिलिंग वंडर स्टोरीज’ या मासिकात आली. मासिकाने नवोदितांसाठी स्पर्धा ठेवली होती, पण संपादकांना मनासारखी कथा मिळत नव्हती. मॉर्ट वायसिंगर आणि जॅक शिफ हे ते संपादक. त्यांनी बेस्टर यांचे हस्तलिखित वाचले, कथा कशी दुरुस्त करायची ते शिकवले आणि बक्षीस त्यांनाच दिले. रक्कम होती पन्नास डॉलर. याच स्पर्धेसाठी रॉबर्ट हाइनलाइन या दुसऱ्या होतकरू लेखकाने कथा लिहायला घेतली होती, पण दुसरे एक मासिक जास्त पैसे देते असे कळल्यावर त्याने ती तिकडे पाठवली आणि सत्तर डॉलर मिळवले. हाइनलाइन पुढे विज्ञानकथेतले फार मोठे नाव झाले. आपणही वीस डॉलरनी हरलो, असे बेस्टर गमतीने म्हणत.

स्पर्धेतून लेखक पुढे येण्याची गोष्ट मराठी विज्ञानकथेतही आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून आणि कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेऊन त्यांनी ती पाठवली होती, कारण शास्त्रज्ञ म्हणून आपले नाव पाहून परीक्षकांचे मत बदलू नये, ही काळजी. नारळीकरांनी नाव लपवले ते एकदाच आणि स्वतःच्या इच्छेने. बेस्टर यांच्यावर मात्र ती पाळी धंद्याच्या रीतीमुळे आली, आणि वर्षानुवर्षे राहिली.

कॉमिक्सची शाळा

वायसिंगर आणि शिफ हे दोघेही पुढे कॉमिक्सच्या धंद्यात गेले. ज्या कंपनीला आज आपण डीसी कॉमिक्स म्हणतो, तिथे. १९४२ साली त्यांनी बेस्टर यांना बोलावून घेतले. सुपरमॅन आणि ग्रीन लँटर्न या नायकांच्या गोष्टी ते लिहू लागले. पद्धत अशी होती की लेखकाने संहिता द्यायची, पानाच्या हिशेबाने पैसे घ्यायचे आणि विसरून जायचे. पात्र गाजले, त्याची खेळणी निघाली, सिनेमे निघाले, तरी लेखकाला त्यातून काही देणे लागत नसे. बँकेत आम्ही टिपण लिहायचे आणि सही वरच्या साहेबांची, अशी प्रथा होती. कागद शाखेबाहेर गेला की तो साहेबांचा. तिथे निदान निवृत्तिवेतन होते.

या काळात बेस्टर यांनी घडवलेली दोन खलपात्रे आजही जिवंत आहेत. पहिले व्हँडल सॅव्हेज, १९४३ सालचे. ग्रीन लँटर्नच्या कथेत चित्रकार मार्टिन नोडेल यांच्यासोबत ते तयार झाले. हा आदिमानवाच्या काळापासून न मरता जगत आलेला माणूस आहे. दर युगात तो नवे नाव घेतो आणि सत्तेच्या जवळ जाऊन बसतो. आपल्या अश्वत्थाम्याला शाप आहे. याला मात्र जगण्याचा कंटाळा नाही, हव्यास आहे. (बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर अश्वत्थामा अजून येतो, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. त्यांना हे पात्र समजावून सांगावे लागले नसते.) दुसरे पात्र सॉलोमन ग्रंडी, १९४४ सालचे. चित्रकार होते पॉल राइनमन. दलदलीत पडलेले प्रेत अनेक वर्षांनी उठून चालू लागते, आणि इंग्रजी बालगीतातले एक नाव त्याला चिकटते. ग्रीन लँटर्न आपली अंगठी दिव्यासमोर धरून जी शपथ घेतो, तिचे आज सर्वांना माहीत असलेले रूपही बेस्टर यांचेच मानले जाते. शपथ जगभरच्या मुलांना पाठ आहे. तिच्याखाली कुणाचे नाव कधी छापलेले नव्हते.

मग या कामातून बेस्टर यांना काय मिळाले? त्यांनी स्वतः १९७५ सालच्या एका आत्मपर लेखात याचा हिशेब दिला आहे. बिल फिंगर या ज्येष्ठ कॉमिक्स लेखकाकडून आपण शिकलो, हे त्यात ते कृतज्ञतेने सांगतात. बॅटमॅनच्या जडणघडणीत फिंगर यांचा मोठा वाटा होता आणि त्यांचे नावही हयातीत नीट छापले गेले नाही. कॉमिक्सचा लेखक चौकटींचा विचार करतो. एका चौकटीत एक कृती, फुग्यात मावतील एवढेच शब्द, आणि पान उलटण्याआधी वाचकाला अडकवणारे काहीतरी. वर्णनाला जागाच नसते. जे दिसायचे ते दिसले पाहिजे. सुरुवात घटनेच्या मध्यावर करायची आणि प्रत्येक पान खर्चिक आहे असे समजून लिहायचे. चार वर्षे रोज हेच केल्यावर हात कसा तयार होतो, ते त्यांच्या कादंबऱ्यांच्या कोणत्याही पहिल्या पानावर दिसते.

सुमारे १९४६ नंतर ते रेडिओकडे वळले. गुप्तहेर निक कार्टरच्या कार्यक्रमाला संहिता हव्या आहेत ही बातमी रॉलींनी आणली. मग ‘द शॅडो’, चार्ली चॅन, नीरो वुल्फ अशी बरीच कामे आली. पुढे टीव्हीचेही लेखन त्यांनी केले. इथे चित्रही नसते, नुसता कान असतो, म्हणून संवाद आणखी धारदार व्हावे लागतात. मात्र जाहिरातदार आणि निर्माते यांच्या कात्रीत लेखकाचा जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे १९५० च्या सुमारास ते विज्ञानकथेकडे परतले ते विसावा म्हणून. इथे कोणी सूचना देणारे नव्हते आणि आपले नावही छापले जात होते.

‘द डिमॉलिश्ड मॅन’

परतण्याची सुरुवात मात्र विनोदी झाली. त्या काळातले सर्वांत दबदब्याचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी त्यांची एक कथा स्वीकारली आणि भेटायला बोलावले. कॅम्बेल त्या वेळी ‘डायनेटिक्स’ नावाच्या मानसोपचाराच्या नव्या पंथाने भारावलेले होते. फ्रॉइड आता संपला, असे त्यांनी बेस्टर यांना सांगितले, आणि जेवणाच्या जागी भर गर्दीत, आईच्या पोटात असतानाच्या आठवणी आठवून पाहा, म्हणून आग्रह धरला. बेस्टर यांनी हसू कसेबसे दाबले, काहीतरी निमित्त काढले आणि तिथून निसटले.

त्यांना हवा तसा संपादक भेटला तो होरेस गोल्ड. १९५० साली सुरू झालेल्या ‘गॅलक्सी’ मासिकाचे हे संपादक घराबाहेर पडण्याच्या भीतीने पछाडलेले होते. सारा कारभार राहत्या घरातून, टेलिफोनवर. बेस्टर यांनी त्यांना काही कल्पना कळवल्या. त्यांतली एक अशी : भविष्यातल्या पोलिसांकडे काळात मागे जाणारे यंत्र आहे, मग गुन्हेगार सुटणार कसा? गोल्ड म्हणाले, यंत्र जुने झाले. त्याऐवजी पोलीस मनकवडे असले तर? कादंबरीचे बीज या फोनवरच्या बोलण्यात रुजले, आणि पुस्तक गोल्ड यांनाच अर्पण केलेले आहे.

‘द डिमॉलिश्ड मॅन’ ‘गॅलक्सी’च्या जानेवारी ते मार्च १९५२ च्या अंकांतून क्रमशः आली आणि १९५३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. काळ चोविसाव्या शतकाचा. समाजात मनकवड्यांचा एक वर्ग आहे. डॉक्टर, वकील, पोलीस यांच्यात ते पसरलेले आहेत. मनात खुनाचा विचार आला तरी कोणीतरी वाचणार, त्यामुळे खून जवळजवळ अशक्य. अशा जगात बेन राइक नावाचा एक धनाढ्य उद्योगपती आपल्या प्रतिस्पर्ध्याचा खून करायचे ठरवतो. खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. प्रश्न एवढाच, की लिंकन पॉवेल हा मनकवडा पोलीस अधिकारी ते सिद्ध कसे करणार? मन वाचून मिळालेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आणि पकडला गेलाच तर शिक्षा फाशी नव्हे. गुन्हेगाराचे व्यक्तिमत्त्व विटेविटेने पाडून नव्याने बांधले जाते. शीर्षकाचा रोख तिकडे आहे.

आता रेडिओचा अनुभव कुठे कामी आला ते पाहा. मनकवड्यांपासून आपला बेत लपवण्यासाठी राइक जाहिरातगीते रचणाऱ्या एका बाईकडे जातो आणि डोक्यातून हटता हटत नाही अशी एक टुकार, चिकट चाल मागून घेतो. ती मनात घोळत राहिली की मागचा विचार कोणाला ऐकू येत नाही. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवरच्या जाहिराती ज्यांच्या डोक्यात अजून वाजतात, त्यांना ही युक्ती लगेच पटेल.

कॉमिक्सचा अनुभव छापील पानावर दिसतो. काही पात्रांची आडनावे चिन्हांनी लिहिलेली आहेत. ‘ॲटकिन्स’मधल्या पहिल्या भागाच्या जागी @ ही खूण. आज ती ई-मेलच्या पत्त्यात येते. आमच्या पिढीने ती ‘दराने’ या अर्थी हिशेबाच्या वह्यांत वापरली, आणि बेस्टर यांनी ती टंकयंत्रावरून उचलली. ‘क्वार्टरमेन’मध्ये पावाचा अपूर्णांक. मनकवड्यांच्या मेजवानीत अनेकांचे विचार एकमेकांत कसे विणले जातात हे दाखवायला त्यांनी शब्दच आडवेतिडवे, नक्षीसारखे मांडले आहेत. गंभीर कादंबरीकाराला असला खेळ पोरकट वाटला असता. चौकटी आणि फुगे यांत वर्षे घालवलेल्या माणसाला पान ही पाहण्याचीही वस्तू आहे हे ठाऊक होते.

‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’

१९५३ मध्येच त्यांची टीव्ही व्यवसायावरची एक सामाजिक कादंबरीही निघाली. सिनेमासाठी तिच्या हक्कांचे पैसे मिळाले, आणि त्या जोरावर नवरा-बायको युरोपात गेले. दुसरी विज्ञान कादंबरी त्यांनी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका खेड्यातील घरात सुरू केली आणि रोममध्ये मार्गी लावली. इंग्लंडच्या मुक्कामाची खूण पात्रांच्या नावांत राहून गेली : डॅगनहम, येओव्हिल, शेफील्ड, प्रेस्टाइन ही सगळी ब्रिटनमधल्या गावांची नावे आहेत. ब्रिटनमध्ये ती १९५६ साली ‘टायगर! टायगर!’ या नावाने निघाली, तर अमेरिकेत ‘गॅलक्सी’मधून ऑक्टोबर १९५६ पासून ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ या नावाने.

कल्पनेचे मूळ एका खऱ्या घटनेत आहे. दुसऱ्या महायुद्धात पून लिम नावाचा चिनी खलाशी बुडालेल्या जहाजातून वाचून दक्षिण अटलांटिक महासागरात तराफ्यावर एकटा १३३ दिवस तरंगत राहिला. जहाजे जवळून गेली. त्याला कोणी उचलून घेतले नाही. बेस्टर यांनी हा वृत्तान्त एका मासिकात वाचला होता. त्यांच्या कादंबरीचा नायक गली फॉइल हा अंतराळयानावरचा अगदी तळच्या दर्जाचा कामगार आहे : शिक्षण नाही, हुशारी नाही, महत्त्वाकांक्षाही नाही. मोडक्या यानात तो १७० दिवस मृत्यूची वाट पाहतो. एक यान येते, त्याचे संकेत पाहते आणि निघून जाते. त्या क्षणी हा माणूस जागा होतो, केवळ सूड घेण्यासाठी. पुढची चौकट ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ची आहे : तुरुंग, सुटका, संपत्ती, नवे नाव, आणि मग एकेकाला गाठणे. फॉइलच्या चेहऱ्यावर वाघासारखे गोंदण केले जाते. ते पुसल्यावरही संताप आला की उमटते, त्यामुळे त्याला सूड थंड डोक्यानेच घ्यावा लागतो. ही कल्पना शुद्ध कॉमिक्सची आहे. चेहरा हाच मुखवटा, आणि तो काढता येत नाही.

आम्हाला या कादंबरीत सर्वांत जास्त आवडते ते तिचे अर्थकारण. माणसे नुसत्या मनाच्या बळावर एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ शकतात, हा या जगाचा पाया. आपल्या पुराणांतले मनोवेगाने संचार करणारे ऋषी आठवावेत. पण बेस्टर चमत्कारावर थांबत नाहीत, त्याचे नियम घालतात. एका उडीत जास्तीत जास्त हजार मैल; पोहोचायची जागा डोळ्यांसमोर आणता आली पाहिजे; अंतराळात ही शक्ती चालत नाही. आणि मग ते विचारतात, असे झाले तर बाजाराचे, घरांचे, कुटुंबांचे काय होईल? वाहतुकीचा धंदा बसतो. चोर क्षणात पळतात. घरात थेट कोणी अवतरू नये म्हणून श्रीमंत लोक दारापासून चक्रव्यूह बांधतात. आपल्या बायका-मुलींना सुरक्षिततेच्या नावाखाली बंदिस्त ठेवतात, म्हणजे नव्या शोधातून जुनी पडदा पद्धत परत येते. आणि श्रीमंतीचे प्रदर्शन काय, तर मुद्दाम जुन्या वाहनात बसून सावकाश जाणे! शोध लागला की समाज कुठे कुठे वाकतो याचा असा विचार आम्ही फार थोड्या विज्ञानकथांत पाहिला आहे.

शेवटाकडे, जळत्या इमारतीत अडकलेल्या फॉइलच्या ज्ञानेंद्रियांची अदलाबदल होते. आवाज दिसतो, रंग ऐकू येतो, स्पर्शाला चव येते. इथे अक्षरे पानभर वाकतात, फुटतात, आकार घेतात. ‘डिमॉलिश्ड मॅन’मधला खेळ इथे टोकाला गेला आहे. आणि शेवटी जग नष्ट करू शकेल असे, केवळ विचाराने पेटणारे स्फोटक फॉइल सत्ताधाऱ्यांच्या हाती न देता सामान्य माणसांमध्ये वाटून टाकतो. त्याचे हे कृत्य बरोबर की वेडेपणाचे, यावर वाचक अजून वाद घालतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या कादंबरीतला नायक एका स्त्रीवर अत्याचार करतो आणि कथा त्या प्रसंगावरून फार झपाट्याने पुढे जाते. एकूणच बेस्टर यांची स्त्रीपात्रे त्यांच्या कल्पनांच्या तोडीची नाहीत. तरुण सभासदांना पुस्तक सुचवताना पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

नोकरीची वर्षे

या दोन कादंबऱ्यांच्या जोडीने बेस्टर यांनी मोजक्या कथा लिहिल्या. त्यांतली १९५४ ची ‘फाँडली फॅरनहाइट’ आम्ही सर्वांत वर ठेवू. मालक आणि त्याचा कृत्रिम माणूस ग्रहाग्रहांवरून पळत आहेत. हवा तापली की तो कृत्रिम माणूस खून करतो. सांगणारा कधी ‘मी’ म्हणतो, कधी ‘तो’, कधी ‘आम्ही’, एकाच वाक्यात सर्वनाम बदलते, आणि वेड नक्की कोणाचे हे कळेनासे होते. अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने सभासदांच्या मतांवर काढलेल्या सर्वोत्तम कथांच्या १९७० च्या संग्रहात ती आहे.

मग मोठा खंड पडला. ‘हॉलिडे’ या प्रवासविषयक चकचकीत मासिकासाठी ते लिहू लागले आणि पुढे तिथेच वरिष्ठ संपादक झाले. नामवंतांच्या मुलाखती, देशोदेशीचे प्रवास, नियमित पगार. १९६० ते १९६२ या काळात एका विज्ञानकथा मासिकात त्यांनी पुस्तक परीक्षणे लिहिली, आणि १९६६ मध्ये उपग्रह कसा तयार होतो यावर एक माहितीपर पुस्तक. पण १९५६ नंतरची त्यांची पुढची विज्ञान कादंबरी आली ती थेट १९७५ मध्ये. काही समीक्षक या वर्षांबद्दल हळहळतात. आम्हाला त्यांना दोष देववत नाही. कॉमिक्समध्ये पानाच्या दराने आणि रेडिओत भागाच्या दराने जगलेल्या माणसाने चांगल्या पगाराची, आपल्या नावाने लिहिण्याची नोकरी धरली, तर त्यात नवल ते काय? नुकसान झाले ते वाचकांचे.

सत्तरीच्या दशकात ते मासिक त्यांच्या हातून गेले आणि बेस्टर पुन्हा कादंबरीकडे आले. ‘द कॉम्प्यूटर कनेक्शन’ (१९७५) ही न मरणाऱ्या माणसांच्या एका टोळीची गोष्ट. म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी व्हँडल सॅव्हेजच्या रूपाने कॉमिक्समध्ये विकून टाकलेली कल्पनाच त्यांनी पुन्हा हाती घेतली, या वेळी स्वतःच्या नावावर. ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांसाठी तिला नामांकन मिळाले. ‘गोलेम-१००’ (१९८०) मध्ये चित्रे आणि मजकूर एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘द डिसीव्हर्स’ १९८१ ची. तिन्हींत कल्पनांचा धबधबा आहे, पण पूर्वीची शिस्त नाही. चौकटीत मावेल एवढेच लिहायचे हा जुना धडा इथे सुटलेला जाणवतो.

शेवटची वर्षे आणि नंतर

रॉली १९८४ मध्ये वारल्या. बेस्टर पेनसिल्व्हेनियात राहत होते. १९८७ साली इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे ते सन्माननीय पाहुणे ठरले होते, पण खुब्याचे हाड मोडल्यामुळे जाऊ शकले नाहीत आणि त्याच दुखण्यातून निर्माण झालेल्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले. अमेरिकी लेखक संघटनेने आपला ‘ग्रँड मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान त्यांना देण्याचे ठरवले होते. तो १९८८ मध्ये मरणोत्तर दिला गेला. मूलबाळ नव्हते. मृत्युपत्रान्वये मालमत्ता आणि लेखनाचे हक्क ज्या मद्यगृहात ते नेहमी बसत तिथल्या बारटेंडरला मिळाले. त्यांची एक अपुरी कादंबरी रॉजर झेलाझ्नी यांनी पूर्ण केली. ‘सायकोशॉप’ या नावाने ती १९९८ मध्ये निघाली, तेव्हा झेलाझ्नीही हयात नव्हते.

त्यांचा प्रभाव दोन दिशांनी गेला. १९८० च्या दशकात संगणकयुगातली, बड्या कंपन्यांच्या सत्तेखालची शहरे रंगवणारे जे नवे विज्ञानकथालेखक आले, त्यांनी ‘स्टार्स माय डेस्टिनेशन’ला आपल्या घराण्यातले मानले. दुसरीकडे कॉमिक्सनेही त्यांना परत बोलावले. चित्रकार हॉवर्ड चेकिन यांनी याच कादंबरीची चित्रकथा केली. पहिला भाग १९७९ मध्ये आणि पूर्ण पुस्तक १९९२ मध्ये आले. त्याच्या मुखपृष्ठावर बेस्टर यांचे नाव ठळक आहे. ‘बॅबिलॉन-५’ या टीव्ही मालिकेतल्या मनकवड्या पोलिसाचे नावही आल्फ्रेड बेस्टर असेच ठेवले होते.

वाचायला सुरुवात करायची तर आधी ‘फाँडली फॅरनहाइट’, मग ‘द डिमॉलिश्ड मॅन’, आणि तिसऱ्या क्रमाला ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’. दोन्ही कादंबऱ्या शक्यतो छापील घ्याव्यात. मोबाइलच्या पडद्यावर अक्षरांची मांडणी मोडते, आणि ज्या पानांसाठी त्या घ्यायच्या तीच पाने हाती लागत नाहीत.